ग्रुपवर ऐकतात कोणाचं?

वऱ्हाडातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावाचा शेतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. सकाळी सुविचार आणि फुलांचे फोटो, थोड्या वेळाने अकोला नाहीतर अमरावती बाजार समितीचे भाव, मग कोणाच्या वाढदिवसाचं बॅनर, पुढाऱ्याचा दौरा, एखादी हरवलेली गाय. या लोंढ्यात कामाची सूचना कधी आली आणि कधी वर निघून गेली ते कळतही नाही. ज्या व्यक्तीला ही सूचना खरोखर वावरापर्यंत न्यायची असते, मग तो कृषी सहायक असो, शेतकरी उत्पादक कंपनीचा तरुण संचालक असो की ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची कृषी सखी, त्या व्यक्तीपुढचा प्रश्न एकच असतो: कोणाला धरलं म्हणजे गाव ऐकेल? झटपट सुचणारी उत्तरं दोन आहेत, अ‍ॅडमिनला धरा किंवा जो सारखा लिहितो त्याला धरा. दोन्ही बहुतेक वेळा चुकतात. प्रभाव मेसेजच्या संख्येत सापडत नाही, मेसेजनंतर वावरात काय बदललं त्यात सापडतो. आणि तो कोणाचा आहे हे ग्रुपमधल्या लोकांना आधीच ठाऊक असतं. त्यांना तसं कोणी विचारत नाही, अडचण एवढीच आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते कपाशीकडे पाहिलं की समजतं. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरून काढली. ज्या बीटी बियाण्याच्या भरवशावर लोक निर्धास्त होते, त्या बीटीला ही अळी दाद देईनाशी झाली होती. अळी बोंडात शिरली की फवारणीचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सगळा भर आधीच्या देखरेखीवर असतो: एकरी दोन कामगंध सापळे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचं, न उमललेल्या डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, आणि हंगाम संपला की जादा वेचणीसाठी फरदड न ठेवता पऱ्हाटी उपटायची. यातलं शेवटचं काम एकट्याने करून भागत नाही. पतंगाला धुरा कळत नाही. गावातल्या नव्वद जणांनी पऱ्हाटी उपटली आणि दहा जणांनी ओलिताच्या जोरावर फरदड ठेवली, तर त्या दहा वावरांत अळी सुखाने राहते आणि पुढच्या वर्षी शंभरांच्या वाट्याला येते. म्हणजे इथे माहिती सगळ्यांकडे असून उपयोग नाही, सगळ्यांनी ती एका वेळी मानली पाहिजे. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हा सल्ला वर्षानुवर्षं देत आहेत. सल्ला आणि पऱ्हाटी यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, आणि त्याला शोधायचं काम कुठल्याच खात्याकडे नाही. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणती दोन औषधं एकत्र करायची नाहीत, तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून आहे ते का पाहायचं, हेही छापील पत्रकात असतंच. पत्रक आणि पाठीवरचा पंप यांच्यामध्येही तोच माणूस असतो.

आधी अ‍ॅडमिनचा गैरसमज दूर करू. ग्रुप कोणी सुरू केला यावरून त्याचं वजन ठरत नाही. पुष्कळ ग्रुपांत अ‍ॅडमिन म्हणजे ज्याच्याकडे आधी चांगला फोन आला तो. त्याची सत्ता केवढी, हे न्यायालयानेही एकदा मोजलेलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की अ‍ॅडमिनला सदस्य जोडता येतात, काढता येतात, पण दुसऱ्याने काय टाकावं यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून समान हेतू असल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुराचा दोष त्याच्यावर येत नाही. निकाल गुन्ह्याच्या जबाबदारीपुरता होता, पण आपल्यालाही त्यातून घेण्यासारखं आहे. अ‍ॅडमिन दाराशी बसलेला असतो. आत कोणाचं चालतं हा वेगळा हिशेब.

सतत लिहिणाऱ्याचंही तसंच. त्याचा पसारा मोठा दिसतो, कारण मोजायला तोच सोपा असतो. पसारा आणि प्रभाव यांतलं अंतर पाहायचं असेल तर बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी घ्या. अक्षय तृतीयेला मांडणी होते, दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचं भाकीत येतं आणि दुपारच्या आत ते वऱ्हाडातल्या ग्रुपाग्रुपांत फिरलेलं असतं. वाचतात सगळे, पुढे पाठवतात बरेच. पण त्या भाकितावर बियाण्याची पिशवी कोणी बदलली, हा प्रश्न विचारला की आवाज खाली येतो. बियाणं बदलतं ते धुऱ्यावरच्या शेजाऱ्याच्या वावरात मागच्या साली काय पिकलं ते पाहून. आपण टाकलेला मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की तो कोणी वाचला ते दिसतं, अंगठे किती आले तेही दिसतं. दोन्ही आकडे पसाऱ्याचे आहेत.

ही गोष्ट मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी सिद्ध झाली आहे, तीही शेतकऱ्यांमध्येच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास केला आणि १९४३ साली तो छापला. दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी गाठलं. नव्या बियाण्याची पहिली खबर सगळ्यांत जास्त जणांना विक्रेत्याकडून लागली होती. ते घ्यावं असं मात्र पटलं ते जास्त करून शेजाऱ्यामुळे. खबर देणारा एक आणि पटवणारा दुसरा, ही फोड आजही लागू पडते. आपल्याकडे पहिली भूमिका आज ग्रुप करतो, यूट्यूब करतं, कृषी सेवा केंद्राचा मालक करतो. दुसरी भूमिका अजून माणसाचीच आहे.

मग तो माणूस शोधायचा कसा? नात्यागोत्याचे, फोनाफोनीचे नकाशे काढून, संगणकावर कोण किती जणांशी जोडलेला आहे याचं गणित मांडून तो शोधता येतो. तशी शास्त्रशुद्ध मापं आहेत. पण तेवढा वेळ आणि पैसा तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडे नाही, आणि सुदैवाने त्याची गरजही नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी भारतातल्याच खेड्यांत हे तपासलं. हरयाणातल्या ५२१ गावांत लसीकरण शिबिराची माहिती काही ठिकाणी कोणाही व्यक्तींना दिली, तर काही ठिकाणी गावकऱ्यांनीच सुचवलेल्या व्यक्तींना दिली. गावकऱ्यांना विचारलेला प्रश्न साधा होता: गावभर बातमी पोचवायची तर कोणाला सांगावं? जिथे अशा सुचवलेल्या लोकांना धरलं, तिथे दर महिन्याला लस घेणाऱ्या मुलांची संख्या २२ टक्क्यांनी जास्त भरली. कर्नाटकातल्या २१३ गावांतही असाच प्रयोग झाला. तिथे सुचवलेली माणसं वाटेल त्या माणसापेक्षा सरस ठरलीच, शिवाय गावातल्या मानाच्या मंडळींपेक्षाही सरस ठरली. गावात पाहुणा आला की ज्याच्या ओसरीवर त्याला बसवतात, त्याच्याच तोंडून बातमी फिरते असं नाही.

हा प्रश्न वऱ्हाडात असाच विचारता येईल, फक्त शब्द आपले हवेत. ग्रुपवर टाकू नका. तिथे विचारलंत तर सगळे सरपंचाचं नाव घेतील नाहीतर गप्प बसतील. पंधरा-वीस जणांना वेगवेगळं गाठा, चहाच्या टपरीवर, जीनसमोर गाड्यांच्या रांगेत, दूध संकलनाच्या वेळी. “भाऊ, तुमच्या गावात प्रभावी कोण?” असं विचारलंत तर उत्तर पुढाऱ्याचं मिळेल. “कपाशीवर काही दिसलं तं तुमी कोनाले इचारता?” असं विचारा. दुसरा प्रश्न: “गावभर गोष्ट पोचवाची असन तं कोनाले सांगू?” दोन्ही उत्तरं वेगळी टिपा, कारण जाणकार आणि पसरवणारा हा दर वेळी एकच माणूस नसतो. पाच-सहा नावं पुन्हापुन्हा यायला लागतील. विचारलेल्यांपैकी एखाद्याने बाकी कोणालाच धड ओळख नसलेलं नाव सांगितलं असेल, तर तेही खोडू नका. ते बहुधा पलीकडच्या वस्तीचं असतं.

आणि हे विचारताना विषय ठरवून विचारा. अमेरिकेतच कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी १९५५ साली दाखवलं की बाजारहाटात ज्या बाईचं मत शेजारणी मानतात, तिचं राजकारणात मानतीलच असं नाही. वरुड-मोर्शीत संत्र्याची गळ का होते यावर ज्याचा शब्द शेवटचा असतो, त्याला सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकबद्दल कोणी विचारत नाही. खारपाण पट्ट्यात, दर्यापूरकडे किंवा मूर्तिजापूरकडे, जमिनीचा आणि पाण्याचा जाणकार वेगळा आणि पीकविम्याचा अर्ज भरून देणारा वेगळा. ‘गावातली प्रभावी व्यक्ती’ अशी एकच यादी करून ती सगळ्या कामांना वापरणं ही सरकारी सवय आहे, आणि ती महागात पडते.

नावं हाती आली की मग ग्रुप वाचा, पण वेगळ्या नजरेने. समजा, रात्री साडेनऊला कोणी उमलायची राहिलेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी टाकली आणि खाली लिहिलं, आमच्याकडे आली. लगेच आठ-दहा मेसेज येतात: कोणतं औषध मारू, मागच्या साली अमुक मारलं होतं, कंपनीवर केस करा. मग एक जण विचारतो, “किती झाडांत किती दिसल्या? मधात पाहिलं का धुऱ्यावरच्याच?” आणि ग्रुप थांबतो. ज्याने फोटो टाकला तो सकाळी वावरात जाऊन मोजतो आणि आकडा टाकतो. इथे सल्ला अजून कोणी दिलेलाच नाही, तरी वजन कोणाचं आहे ते दिसलं. ज्याच्या प्रश्नामुळे दुसरा उठून वावरात जातो त्याच्या नावाखाली रेघ ओढा. अशा आणखी खुणा आहेत. वाद रंगला असताना “भाऊ, तुमचं काय म्हणणं?” असं ज्याला हाक मारून विचारलं जातं तो. ज्याच्या उत्तरानंतर त्या विषयावर कोणी लिहीत नाही तो. ज्याचं वाक्य तीन दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून, त्याचं नाव न घेता, दुसऱ्या ग्रुपवर उमटतं तो. आणि जो महिन्यातून दोनदाच लिहितो, पण लिहिलं की त्याला खाजगीत फोन जातात तो. ही शेवटची खूण ग्रुपवर दिसत नाही, त्याला स्वतःलाच विचारावी लागते.

सगळ्यांत जास्त नजरेतून सुटतात ती पुलाची माणसं. एकाच ग्रुपात ज्याचा मान आहे तो त्या ग्रुपपुरता उपयोगी. दोन ग्रुपांना जोडणारा कमी मानाचा असला तरी बातमी पलीकडे त्याच्यामुळेच जाते. सासर दर्यापूर तालुक्यात आणि माहेर अकोट तालुक्यात असलेली बाई, अमरावतीहून रोज येजा करणारा मास्तर, गावोगावचा माल भरणारा टेम्पोवाला, हे लोक ग्रुपवर फारसे लिहीत नाहीत आणि म्हणून कोणाच्या यादीतही येत नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की नवी खबर जिवलगांकडून कमी येते, तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतंच, हे त्यामागचं साधं कारण.

प्रभाव कोणाचा हे कळलं म्हणजे तो चांगलाच असं झालं नाही. कृषी सेवा केंद्राच्या मालकाचं नाव बहुतेक यादीत येईल, आणि येणारच: तो उधारीवर देतो, बाटलीसोबत सल्लाही देतो, रात्री फोन उचलतो. त्याला यादीतून वगळणं मूर्खपणाचं होईल. पण त्याच्या नावापुढे त्याचा व्यवहार लिहून ठेवा. फवारणी टाळा असा निरोप त्याच्या तोंडून जायला अवघड आहे. बियाण्याची पिशवी खरी की खोटी कशी ओळखावी, हा निरोप मात्र त्याच्याइतका चांगला कोणी देऊ शकत नाही. पदवी नसलेल्या माणसाला नाक मुरडू नका, हेही तितकंच खरं. परभणी जिल्ह्यातले पंजाब डख हवामान खात्याचे अधिकारी नाहीत, तरी त्यांचे पावसाचे अंदाज वऱ्हाडातले शेतकरी वाट पाहून वाचतात. ते अंदाज किती बरोबर असतात हा वाद आहे आणि तो चालू राहो. पण लोक त्यांचं का ऐकतात याचं कारण लपलेलं नाही: तारीख, तालुका आणि “पेरणी करा” किंवा “थांबा” एवढं स्पष्ट, आपल्या बोलीत. खात्याच्या भाषेत हे जोवर येत नाही तोवर खात्याने तक्रार करू नये.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. डंकन वॉट्स आणि पीटर डॉड्स या दोघांनी २००७ मध्ये संगणकावर कृत्रिम समाज उभे करून दाखवलं की मोठी लाट उठते ती काही थोर प्रभावी लोकांमुळे नव्हे. सहज पटवून घेणारे पुरेसे लोक असले की ती उठते. रान वाळलेलं असेल तर कोणतीही काडी पुरते. आक्षेप खरा आहे, आणि २०१७ नंतर बोंडअळीचं ऐकायला लोक तयार झाले ते नुकसान सोसल्यामुळे, कोणाच्या भाषणामुळे नव्हे, हेही मान्य करायला हवं. पण आपल्याला देशभर लाट उठवायची नाही. दोनशे खातेदारांच्या गावात आठ दिवसांत एक काम व्हावं एवढंच हवं आहे, आणि एवढ्या छोट्या जागेत कोण सांगतो याने फरक पडतो, हे हरयाणाच्या गावांनी दाखवलं आहे. आक्षेपातून घ्यायची गोष्ट एकच: सगळी भिस्त एका माणसावर ठेवू नका. पाच-सहा जण धरा, आणि लोकांच्या मनात विषय ताजा असताना धरा. फरदडीचं ऑगस्टमध्ये सांगून काही होत नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा. लोकांचं वजन मोजून त्यांना वापरणं म्हणजे निवडणुकीच्या एजंटचंच काम नव्हे का? पद्धत तीच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अफवा पसरवणारेही हेच करतात, न विचारता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या जातीय तणावाच्या घटनांचे पडसाद अमरावतीत उमटले, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल पेटली ती समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून. तशा रात्री “हे खरं नाही, घरी बसा” असं कोणी म्हटलं तर मोहल्ला ऐकेल, हे आधी ठाऊक असणं गरजेचं असतं. रात्री अकराला इंटरनेट बंद झाल्यावर यादी करायला बसता येत नाही. फरक हेतूत आणि उघडेपणात आहे. ज्याचं नाव यादीत आलं त्याला जाऊन सांगा की लोकांनी तुमचं नाव घेतलं, आमचं काम अमुक आहे, पटलं तरच करा. यादी वहीत ठेवा, पीडीएफ करून ग्रुपवर टाकू नका, कोणत्याही कंपनीला आणि कोणत्याही पक्षाला देऊ नका. एकदा ती बियाण्याच्या जाहिरातीसाठी वापरली गेली की त्या माणसांचं वजनही गेलं आणि तुमचंही.

नावं मिळाल्यावर लगेच त्यांच्या हाती मेसेज देऊन “पुढे पाठवा” म्हणू नका. त्यांचं ऐकतात ते ते तपासून बोलतात म्हणून. दोन कामगंध सापळे त्यांच्या वावरात आधी लावू द्या, पतंग त्यांना मोजू द्या, पटलं नाही तर तसं ग्रुपवर म्हणू द्या. सत्कार, शाल, ‘कृषी मित्र’ असला बिल्ला तर मुळीच नको. बिल्ला लागला की शेजारी म्हणतो, हा आता त्यांचा माणूस झाला. विचारपूस मे महिन्यात उरकून घ्या, मृग लागला की कोणाला बोलायला फुरसत नसते. आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की यादी पुन्हा एकदा काढा. किडकं बोंड सगळ्यांत आधी हाती येतं ते वेचणाऱ्या बायांच्या. कोणत्या वावरात किती कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाली हे त्यांना मालकाच्या आधी माहीत असतं, आणि वेचणीचा गट जमवणारी बाई रोज वेगळ्या वावरात असते. ती त्या ग्रुपवर बहुधा नसतेच. तिचं नाव तुमच्या वहीत नसेल तर पेन खाली ठेवू नका.